होडीतला बोळा

पाण्याची मला कधी भीती वाटली नाही, कारण माझं माहेर भीमेच्या काठचं. सोलापुरात लग्न होऊन आले तेव्हा मात्र सासरची माणसं पाण्याला बिचकणारी निघाली. घागरीतलं आणि आडातलं पाणी एवढंच त्यांच्या ओळखीचं. त्याहून मोठं पाणी एका जागी दिसलं की त्यांना उगीचच धास्ती वाटायची. आमचे हे शाळेत मास्तर होते, भूगोल शिकवायचे, फळ्यावर समुद्र आणि बेटं सुरेख काढायचे. पण एकदा ओढा ओलांडायची वेळ आली तेव्हा गुडघाभर पाण्यात धोतर सावरत रामरक्षा म्हणू लागले. हे आधी सांगून ठेवते, कारण त्या दिवशी होडी म्हणजे काय चीज असते हे आमच्या घरातल्यांपैकी एकट्या मला ठाऊक होतं.

सोलापुरात तीस साली मार्शल लॉ लागला, त्याच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. मला तीन मुलगे. मधला सहा वर्षांचा, गोरा, बडबड्या आणि म्हशींचं वेड असलेला. यांच्या एक काकू मंद्रूपला राहायच्या. दहाव्या वर्षी विधवा झालेल्या, लाल आलवणातल्या, कडक सोवळ्याच्या. घर होतं, जमीन होती, गोठ्यात चार म्हशी होत्या, माणूस मात्र नव्हतं. यांचे आईवडील प्लेगात आठ दिवसांच्या अंतरानं गेले, तेव्हा याच काकूंनी यांना उचलून नेलं, वाढवलं, शिकवलं. म्हणून त्या दसऱ्याला काकू आल्या आणि मधल्याला आपल्या मांडीवर दत्तक द्या म्हणाल्या, तेव्हा यांच्या तोंडून नाही निघणं कठीणच होतं.

यांनी मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. मी भाकरी थापत होते, थापत राहिले. आमच्याकडे सगळ्यांचं एकच म्हणणं, घरात तीन आहेत की, एकाचं भाग्य उजळतंय तर उजळू द्या. मला कुणी विचारलंच नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं सांगत आले. खरं सांगायचं तर यांनी एकदा विचारलं होतं, तुझं काय म्हणून. मी म्हटलं, मी काय म्हणणार. काकूंनीही विचारलं होतं, त्यांना मी मान हलवून दाखवली. आणि मग दोन महिने भिंतीकडे तोंड करून रडले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड माझं मीच दाबलेलं होतं.

पोराला काही वाईट वाटत नव्हतं. त्याला म्हशी मिळणार होत्या. रोज सकाळी उठून तो मला विचारायचा, आज जायचं का गं मंद्रूपला? तेव्हा मला त्याचाही राग यायचा.

भटजींनी मार्गशीर्षातला दिवस काढला. दत्तविधान आमच्याच घरी, आणि ते दुपारी तीनच्या आत व्हायला हवं होतं. तो दिवस टळला तर मध्ये पौष, मग थेट माघ. अंगणात होमकुंड मांडून झालं, लाडू वळून झाले. काकूंची एकच अट होती. होमाला बसायच्या आधी त्याच सकाळी पोराला कुलदेवीपुढे न्यायचं आणि तिचा कौल घ्यायचा. आमच्या घराण्याचं मूळ गाव हिप्परग्याकडचं. तिथे तलाव बांधला तेव्हा खालची शिवारं पाण्यात गेली आणि देवीचं टेकाड तेवढं वर राहिलं. त्याचं बेट झालं. कडेनं चालत गेलं तर शंभर-दोनशे पावलांत संपेल एवढंच, पण होडीशिवाय जाता यायचं नाही. पोर माझ्याशिवाय होडीत बसेना म्हणून मलाही जावं लागलं. यांना भटजींच्या हाताखाली थांबायचं होतं, आणि पाणीही होतंच.

पहाटे गिरणीचा पहिला भोंगा झाला तेव्हा आमचा टांगा तुळजापूरच्या रस्त्याला लागलेला होता. बांधावर टांगा सोडला, टांगेवाला तिथेच थांबला. खाली एक भोई होडी घेऊन उभा होता. मध्यम वयाचा, कमी बोलणारा माणूस, तलावात जाळी टाकून पोट भरायचा. होडीही मासळीचीच. काकूंनी नाकाला पदर लावला आणि होडी धुवायला सांगितली. तो म्हणाला, धुतलीय. काकूंनी पुन्हा धुवायला सांगितली. शेवटी त्यानं बांधावरून कडबा आणून तळाशी पसरला, त्यावर काकूंनी आपली लोकरीची धाबळी अंथरली, सोवळ्याची टोपली मांडीवर घेतली आणि डोळे मिटून बसल्या. एका हातानं त्यांनी पोराचं मनगट धरलं होतं. बेटाला लागेपर्यंत ना डोळे उघडले, ना मनगट सोडलं.

मी मात्र डोळे उघडेच ठेवले. किती वर्षांनी होडीत बसत होते. थंडीतलं स्वच्छ ऊन, पाणी काठोकाठ, पाणकोंबड्या बुड्या मारत होत्या. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी सुखानं वेडी झाले असते.

बेटावर चारदोन बाभळी, एक चिंच, आणि चिंचेखाली कमरेएवढ्या दगडी भिंतीत शेंदूर फासलेला देवीचा तांदळा, नुसता ओबडधोबड दगड. काकूंनी तलावात स्नान केलं, ओलेत्यानं पूजा केली, देवीची ओटी मला भरायला लावली. मग कौल. देवीच्या उजव्या आणि डाव्या अंगाला पाण्यानं एकेक शेवंतीचं फूल चिकटवायचं आणि हात जोडून बसायचं. उजवं पडलं तर देवीचा होकार, डावं पडलं तर नकार. कधी तासतास काहीच पडत नाही. मी मनात डावं डावं म्हणत होते. उजवं फूल काकूंचा हात बाजूला होतो न होतो तोच टपकन खाली पडलं.

काकूंनी पोराला पोटाशी धरलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मला त्या क्षणी देवीचाही राग आला. बाई असून हिला कळत नाही, असं मनात आलं, आणि लगेच भीती वाटली.

मग काकूंनी तीन दगड मांडून नैवेद्याचा भात आणि पुरण शिजायला घातलं. भोई होडीचं तोंड चिखलात ओढून चिंचेच्या पलीकडे जाऊन झोपला. होडीची मागची बाजू पाण्यातच होती. पुरण शिजेपर्यंत काकू स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. देवीचा प्रसाद त्या घाणीतून नेणार नाही म्हणाल्या. चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेतली, मला कळशीनं पाणी द्यायला सांगितलं, कडबा बाजूला सारला आणि होडी आतून घासायला बसल्या.

घासता घासता त्यांना तळाच्या दोन फळ्यांमधल्या फटीत कोंबलेली एक काळी, तेलकट चिंधी सापडली. तिला मासळीचा वास येत होता. शी, ही घाण कुणी कोंबून ठेवलीय, असं म्हणत त्यांनी बाभळीची काटकी घेतली आणि ती चिंधी उकरून काढायला लागल्या.

तो बोळा होता. फुटक्या फळीत तेलडांबरात भिजवलेला बोळा ठोकतात, हे माझ्या माहेरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी कळशी घेऊन हातभर अंतरावर उभी होते. माझं तोंड उघडलं होतं, ते मला आठवतं. मग ते मिटलं. काकूंनी बोळा काटकीवर उचलला आणि लांब पाण्यात भिरकावून दिला. फटीतून पाण्याचा एक बारीकसा झरा वर आला. आधीच होडीभर पाणी ओतलेलं, त्यात तो काकूंना दिसला नाही. मला दिसला.

मी म्हटलं, काकू, पुरण खाली लागेल. त्या लगबगीनं उठून चुलीकडे गेल्या. मी कळशी उचलून त्यांच्या मागे गेले, होडीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

नैवेद्य झाला. मी हळूहळू वाढलं, हळूहळू जेवले, पोराला चार घास जास्तीचे भरवले. उरलेलं भोयाला पानावर दिलं. वारा शहराकडचा होता, त्याच्यावर बाराचा भोंगा अगदी बारीक ऐकू आला. चला, म्हणत काकू उठल्या. काठावर आलो तर होडीचं नाकाड तेवढं वर होतं, बाकी सगळी पाण्याखाली, आणि कडबा तळ्यावर पसरलेला.

भोई कमरेएवढ्या पाण्यात उतरला, खाली वाकून त्यानं हातानं चाचपलं.

"बोळा कुटं गेला?" त्यानं विचारलं.

काकूंनी ताठपणे सांगितलं की ती चिंधी ना, ती मी काढून टाकली, ओवळी होती. भोयानं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अव्वा," तो म्हणाला, "त्या चिंदीवरच होडी तरंगत हुती की."

काकूंची पाचावर धारण बसली. मुहूर्त, होम, भटजी, सगळं त्यांना एकदम आठवलं असणार. त्या काठावर जाऊन टांगेवाल्याला हाका मारू लागल्या, पण बांध लांब होता आणि वारा उलटा. दुसऱ्या होड्या थेट संध्याकाळी जाळी टाकायला निघायच्या. भोई म्हणाला, होडी उपसून पालथी घालतो, फट उन्हात वाळली की नवा बोळा ठोकतो, ओल्या फळीत तो धरत न्हाय. किती वेळ, असं काकूंनी विचारलं. तो म्हणाला, "उन्हं कलतील. लई घाई केली तर मधीच बुडू."

त्यानं आणि मी मिळून होडी उपसली. मी पदर खोचून पाण्यात उतरले हे काकूंनी पाहिलं. होडी काठावर आणताना कुठे धरायचं, कुठल्या अंगाला कलती करायची, हे मला भोयानं सांगावं लागलं नाही, हेही त्यांनी पाहिलं.

पोर दमून काकूंच्या मांडीवर झोपलं. आम्ही दोघी चिंचेखाली बसलो. मग काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुझं माहेर भीमेकाठचं."

मी हो म्हटलं.

"मग ती चिंधी कशाची, हे तुला ठाऊक होतं."

मी पुन्हा हो म्हटलं. खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

"मी काढत होते तेव्हा शेजारी उभी होतीस. बोलली का नाहीस?"

"मला पोर द्यायचं नाही, काकू," मी म्हटलं.

दोन महिने ओठांआड अडवून धरलेलं ते एक वाक्य. एकदा ते बाहेर पडलं आणि मग बाकीचं थांबेना. तुमचे उपकार आहेत, हे तुम्हाला नाही म्हणू शकत नाहीत, जमीन नको, घर नको, तीन काय सहा असते तरी एकही दिला नसता, असं काय काय मी बोलत सुटले. काकू ऐकत होत्या. त्यांचा हात पोराच्या केसांवरून फिरत होता, तो थांबला नाही.

माझं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी भटजींना विचारलं. देवीला विचारलं. तुलाही विचारलं. तू मान हलवलीस. मला वाटलं, आईचं मन तयार आहे. एक कार्ड टाकलं असतंस मंद्रूपला, एवढंच लिहून, तरी मी आले नसते."

मला रडू फुटलं. काकूंनी माझी समजूत घातली नाही. "रडू नको, पोर उठेल," एवढंच म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "आईनं होडी बुडवून ठेवलेलं पोर घरी नेऊन मला झोप लागेल होय?"

माझा जीव भांड्यात पडला, असं लिहिणं फार सोपं आहे. खरं म्हणजे मला आधी काहीच वाटेना. मग एकदम भूक लागली. टोपलीतलं उरलेलं पुरण मी नुसतंच बोटांनी खाल्लं, काकूंच्या समोर, पाण्यातून आलेल्या ओवळ्या हातांनी. काकूंनी टोपली माझ्याकडे सरकवली.

फट वाळली. भोयाला बोळ्यासाठी घट्ट कापड हवं होतं. त्याचं मुंडासं धुवून धुवून विरलेलं. मी पदराकडे हात नेला तर काकू म्हणाल्या, तुझं ते सुती, कुजून जाईल. स्वतःच्या रेशमी आलवणाची कड त्यांनी दातांनी तोडली आणि टर्रकन फाडली. सोवळ्यातलं कापड. भोई घ्यायला पुढे होईना, तो म्हणाला खाली ठेवा अव्वा, मी उचलतो. काकूंनी ते त्याच्या हातात दिलं. देवीपुढच्या दिव्यातल्या तेलात भिजवून त्यानं बोळा ठोकला. तो पुरता धरला नव्हताच, वाटभर पाणी झिरपत राहिलं, आणि काकू नैवेद्याच्या तपेल्यानं ते उपसत राहिल्या. या वेळी त्यांचे डोळे उघडे होते.

मला इतका आनंद झाला होता की भोयाकडून वल्हं मागून घेऊन आपणच होडी वल्हवावीशी वाटत होती. मधल्याला तो आनंद कळायचं कारण नव्हतं. मंद्रूपला जायचं नाही असं समजल्यावर त्यानं म्हशींसाठी जे भोकाड पसरलं ते बांध येईपर्यंत. तुझी आई मी आहे, म्हशी नव्हेत, असं मी त्याला सांगून पाहिलं; काही उपयोग झाला नाही.

उन्हं कलली होती. बांधावर टांग्याशेजारी हे उभे होते, अंगावर होमाचं सोवळं तसंच, कुणाची तरी सायकल मागून घेऊन आलेले. तीन केव्हाच वाजून गेले होते. आम्हाला पाहून ते चक्क घोट्याएवढ्या पाण्यात धावत आले. काय झालं, काय झालं, एवढंच विचारत होते. मी मान खाली घातली. आता काकू सांगणार आणि मग जन्मभर मला घरात तोंड वर करता येणार नाही, हे मला दिसत होतं.

काकू होडीतून उतरल्या, आलवण झाडलं आणि म्हणाल्या, "देवीनं डावा कौल दिला. थांबून थांबून पुन्हा लावला, पुन्हा डावाच. तिच्या मनात नाही."

सोवळ्याला शिंतोडा उडाला तर पुन्हा स्नान करणारी ती बाई. देवीच्या नावानं त्या खोटं बोलल्या, तेही तिच्याकडे पाठ करून उभ्या असताना. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आणि हे मटकन बांधावर बसले. दोन्ही हात तोंडावर घेऊन लहान मुलासारखे रडले. रात्री मला म्हणाले, तू काही बोलली नाहीस म्हणून मी समजलो, तुझी तयारी आहे. मी म्हटलं, तुम्ही काही बोलला नाहीत म्हणून मीही तेच समजले. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनाही हसू आलं.

होमकुंड विस्कटलं, लाडू आळीत वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मंद्रूपची बैलगाडी दाराशी लागली. गाडीत मधल्याला बसायला म्हणून काकूंनी येताना एक नवी गादी आणली होती, ती तशीच गुंडाळून ठेवलेली होती. तिच्याकडे माझं लक्ष गेलं आणि पहिल्यांदा मला काकूंचं वाईट वाटलं. तोवर माझ्या सुटकेखेरीज मला काही दिसतच नव्हतं.

मी वाकून नमस्कार केला. काकू हळूच म्हणाल्या, "तोंड उघडायला शीक. दर वेळी होडी बुडत नाही."

मी मान हलवली.

"बघ," त्या म्हणाल्या, "आतासुद्धा मानच."

त्या गाडीत चढल्या. गाडीवानानं बैलांना हाकारा दिला. मी दारात होते, हे माझ्या मागे, तिन्ही मुलं ओट्यावर. गाडी हलली तेव्हा मी चपलासुद्धा न घालता रस्त्यावर धावले आणि गाडीचा दांडा धरला. सगळी आळी बघत होती.

"काकू," मी मोठ्यानं म्हटलं, "पोर माझंच राहील. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्याकडे येईल, दर वर्षी, सुट्टी संपेपर्यंत. मीच आणून सोडीन. आणि ही गादी तिकडे उलगडून ठेवा."

काकूंनी गाडी थांबवायला सांगितली. गादीची गुंडाळी त्यांनी स्वतःजवळ ओढून घेतली.

"सुट्टी कधी लागते?" त्यांनी विचारलं.